वाट पाहू नये, चालू लागावी

आमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात पांढऱ्या बुटांचा एक जोड चार वर्षं पडून होता. एक जानेवारीला मोठ्या हौसेनं आणलेला. पहिले पाच दिवस पहाटे उठून चाललो. सहाव्या दिवशी थंडी होती, सातव्या दिवशी पाहुणे आले आणि आठव्या दिवशी 'आता सोमवारपासून' असं ठरलं. तो सोमवार काही उगवला नाही!

गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्ततपासणीचा कागद पुढे सरकवला. "सर, साखर वाढलीय. गोळ्या देतो, पण रोज चालावं लागेल." त्या आकड्यापेक्षा मला वडिलांचा उजवा पाय आठवला. त्यांचा जन्म किराणा दुकानाच्या गादीवर बसून गेला. मधुमेह होता, पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. मी तेव्हा कॉलेजात होतो. ड्रेसिंग मीच करायचो.

इतकं डोळ्यांनी पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून चालू लागेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण भीती जेमतेम आठ दिवस पुरली. पुन्हा पांघरूण गोड वाटू लागलं.

डोळे उघडले ते वर्गात. मी मुलांना आपल्या बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळेची गोष्ट सांगत होतो. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. ३००० मीटर स्टीपलचेस ही त्याची शर्यत. तीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्यपदक मिळवलं, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशानं. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्ण जिंकलं. "लहानपणी तो सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी पळत जायचा," मी रंगात येऊन म्हणालो.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्याला पळायची आवड होती का तेव्हापासून?"

"आवड कसली रे! गावातून वाहनच नव्हतं." मी बोलून गेलो आणि स्वतःच थबकलो.

गावाला वाहन नसणं ही कौतुकाची गोष्ट नव्हे. पण रोज सकाळी 'आज उत्साह आहे का' असं त्या पोरानं मनाला विचारलं नसणार. वाटेच्या टोकाला शाळा होती, म्हणून पाय निघत होते. बारावीनंतर तो लष्करात गेला. सियाचेनची थंडी आणि राजस्थानचं ऊन त्यानं सोसलं. तिथं धावण्याकडे वळला, तेव्हा त्याचंही वजन वाढलेलं होतं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली सुमारे २० किलो उतरवून तो मैदानात आला. तिथंही वेळ ठरलेली होती आणि हाक मारणारं कुणीतरी होतं. मी मात्र चार वर्षं उत्साहाची वाट पाहत बसलो होतो.

घरी येऊन हे सौ.ला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी दुधाचा रतीब बंद करून टाकला! "गोठा दीड किलोमीटरवर आहे. तुम्ही दूध आणाल, तेव्हा चहा होईल." झालं! ज्याला चहाशिवाय पेपर वाचता येत नाही, त्याला याहून मोठी प्रेरणा कोणती? जाऊन येऊन तीन किलोमीटर, पाऊणएक तास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो हिशेब चहापायीच पुरा होतो.

सवय एकवीस दिवसांत लागते, असं आपण ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांना रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून नवी सवय लावायला सांगितलं होतं. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. महत्त्वाचं म्हणजे, एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नव्हतं. माझं घोडं इथंच पेंड खात होतं. एक दिवस चुकला की मी सगळाच नेम मोडून टाकत असे. आता पावसानं एखादी खेप बुडाली, तर दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा हातात असते.

तुमच्याकडे गोठा नसेल. पण नातवाची शाळा असेल, देवळातली काकड आरती असेल, रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली असेल. जे करायचंच आहे, त्याला चालणं बांधून टाकावं.

पांढरे बूट आता कपाटात नाहीत, दाराशी असतात. परतताना उजाडू लागतं आणि मी खंडोबाच्या टेकडीवरच्या त्या दोन उंच दीपमाळांकडे पाहून हात जोडतो. तीन महिन्यांनी साखर थोडी खाली आली. गोळ्या सुरूच आहेत आणि डॉक्टर सांगतील तोवर राहतील. रात्री पडण्याआधी पायांची दहाही बोटं नीट पाहून घेतो. मग किटली दाराजवळ ठेवतो आणि दिवा मालवतो.