आतां सोडून काय उपयोग?

टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू वळून हजारों भगिनी सोलापुरांत संसार चालवितात. त्यामुळें विडीस नांवें ठेवणें येथें जड जातें. आणि ‘विडी सिगारेटपेक्षां सौम्य’ हा समज तर सुशिक्षित घरांतही आढळतो. तो निराधार आहे. डॉ. प्रभात झा, डॉ. प्रकाश गुप्ता प्रभृति संशोधकांनीं देशांतील ११ लक्ष घरांतील मृत्यूंची चौकशी करून २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. विडीनें पुरुषांचें आयुष्य सुमारें ६ वर्षांनीं व स्त्रियांचें ८ वर्षांनीं घटतें, असें त्यांत दिसलें.

आमच्या वयाच्या गृहस्थांचा आक्षेप मात्र निराळा असतो. ‘चाळीस वर्षें ओढली, आतां सोडून काय उपयोग?’ याचें उत्तर इंग्लंडांत मिळालें. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनीं १९५१ सालीं प्रत्यक्ष डॉक्टरांच्याच धूम्रपानाची नोंद आरंभिली. (रोग्यांस उपदेश करणारेच तपासले गेले, हें उचितच झालें!) ५० वर्षांच्या निरीक्षणानंतर २००४ सालीं सिद्ध झालें कीं, सिगारेटीनें सरासरी १० वर्षें जातात. तिशींत सोडणारास तीं जवळजवळ सर्व परत मिळतात, चाळिशींत ९, पन्नाशींत ६. आणि साठाव्या वर्षीं सोडणारासही ३. नातवाची मुंज पाहण्यास तेवढीं पुरेशीं आहेत.

पहिले कांहीं आठवडे चिडचीड होते, झोंप उडते. घरच्यांनीं तो कोप मनावर घेऊं नये. एकट्यास न जमल्यास १८००-११-२३५६ ह्या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सिगारेटीच्या पाकिटावरही तो २०१८ पासून छापलेला असतो.