तक्रार माणसाची नको, वागण्याची हवी

रात्रीचे अकरा वाजून गेले तरी चौकातला डीजे थांबत नाही. खिडक्या थरथरतात, आजारी माणसे तळमळतात, दहावीची मुले कानात बोळे घालून पुस्तक उघडतात. त्रास सगळ्या वस्तीला होतो, पण फोन कोणी करत नाही. ‘कोणी केली तक्रार?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशी गल्लीत फिरणार, हे सगळ्यांना ठाऊक असते.

ही भीती खोटी नाही. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी 2025 मधला निकाल घरोघरी माहीत व्हायला हवा. कुर्ल्याच्या नेहरूनगर परिसरातल्या रहिवासी संघटना भोंग्यांच्या त्रासाविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. भोंगा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे सांगतानाच न्यायालयाने पोलिसांना बजावले की, तक्रारदाराची ओळख पटवत बसू नका आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती कळू देऊ नका.

नियम तर 2000 सालापासूनच आहेत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. हे आकडे फसवे असतात, कारण 10 डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, तेवढीच. दिवसा तक्रार करायची तर आवाज मर्यादेपेक्षा किमान 10 डेसिबलने जास्त असावा लागतो. रात्रीचे निर्बंध मोडले असतील, तर मात्र ही अट नाही.

आवाजाखेरीजही उपद्रव असतातच. जिन्यात दारू पिऊन शिवीगाळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरेबाजी, रस्त्यावर बाटल्या फोडणे. मुलीची छेड काढली किंवा हाणामारी झाली, तर त्याला नुसता उपद्रव समजू नये. लगेच 112 ला फोन करावा. बाकी बाबतींत नोंद फार कामाची ठरते. ‘अमुक घरातली पोरं टवाळ आहेत’ या वाक्यावर पोलिसांना काहीच करता येत नाही. तारीख, वेळ, जागा, काय घडले आणि किती वेळ चालले, हे लिहा. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या.

असे लिहिण्यामागे न्यायाचाही प्रश्न आहे. भाडेकरू परप्रांतीय आहेत, शेजारी दुसऱ्या धर्माचे आहेत, दुपारी मुले क्रिकेट खेळतात, यांतले काहीही समाजविघातक नाही. तरी अशा तक्रारी होतात आणि त्या करणाऱ्यांचा मला राग येतो. वागणूकच लिहायची म्हटली, की त्यांच्याकडे लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही.

पोलीस ठाण्यात अनेकदा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, नोंदवून घेतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही, हे खरे. तरी त्या नोंदीची प्रत जपून ठेवा. सार्वजनिक उपद्रव चालूच राहिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवण्याचा आदेश देऊ शकतात आणि तिथे जुन्या नोंदी कामी येतात. याच तरतुदीच्या पूर्वावतारावर, म्हणजे जुन्या संहितेच्या कलम 133 वर, मध्य प्रदेशातल्या रतलामचे रहिवासी उघड्या गटारांविरुद्ध लढले. नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण पुढे केले. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि काम करायलाच लावले.