कन्हानच्या काठावरचा आमदार

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटतो. दर्शन झाले की शेकडो गाड्या कामठीकडे धावतात, ड्रॅगन पॅलेस पाहतात आणि माघारी फिरतात. त्याच कामठीत, कन्हान नदीच्या काठी बाबू हरदास एल. एन. यांची समाधी आहे. तिकडे किती गाड्या वळतात? ज्याने आमच्या तोंडी 'जयभीम' दिला तो माणूस इथे विसावला आहे, हे आमच्या किती पोरांना ठाऊक आहे?

हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म 6 जानेवारी 1904, कामठी. 12 जानेवारी 1939 रोजी क्षयाने गेले. वय अवघे 35. विशीच्या आत साप्ताहिक काढले, रात्रशाळा चालविल्या, बिडी कामगारांना संघटित केले. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा पुढारी कोण, असा वाद उभा राहिला, तेव्हा बाबासाहेबांच्या बाजूने विलायतेत पंतप्रधान मॅकडोनाल्डकडे तारा धाडणाऱ्यांत हे कामठीचे बाबू पुढे होते. 1937 साली स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात गेले. धड दोन वर्षेही आमदारकी लाभली नाही. 1956 ची दीक्षा तर त्यांनी पाहिलीच नाही.

आजचे आमचे आमदार-नगरसेवक (आणि त्यांचे गटही) आम्ही रोज पाहतो. खुर्ची मिळाली की वस्ती सुटते. भाषणाची सुरुवात आणि शेवट मात्र जयभीमनेच! हरदासांची आमदारकी बिडी वळणाऱ्यांच्या दारातून निघाली होती आणि त्यांच्या अंत्ययात्रेला कामकरी माणूसच लोटला होता.

दरवर्षी जानेवारीत समाधीवर माणसे जमतात, नाही असे नाही. पण 12 जानेवारी हा जिजाऊंच्या आणि विवेकानंदांच्या जयंतीचाही दिवस. त्या गर्दीत हरदासांच्या वाट्याला वर्तमानपत्राचा एखादा कोपरा येतो. बाकीच्यांचे सोडा, आमच्या घराघरांतल्या फोटोंच्या रांगेत तरी ते कुठे असतात? 2021 साली 'जय भीम' नावाचा तमिळ चित्रपट देशभर गाजला. हा शब्द तिथवर पोचला, शब्द देणाऱ्याचे नाव मात्र कामठीच्या फारसे पुढे गेले नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, येत्या दसऱ्याला कामठीत गाडी न्याल तेव्हा ड्रॅगन पॅलेसवरून परतू नका. नदीपर्यंत जा. पोरांना सोबत न्या आणि पूर्वी जयभीमला 'बलभीम' असे उत्तर देत, हेही त्यांना तिथेच सांगा.