माहितीची साखळी

केस काळे करण्याच्या कलपाची पुडी दिसावयास अगदी साधी असते. परंतु दुकानात येईपर्यंत तिच्यातील द्रव्ये अनेकांच्या हातांतून गेलेली असतात. रसायनांच्या कारखान्यात रंगद्रव्य तयार होते. दुसऱ्या कारखान्यात ते इतर पदार्थांत मिसळले जाते. पुढे ते दुकानदाराकडे आणि केशकर्तकाकडे जाते व अखेर ग्राहकाच्या केसांना लागते. द्रव्य जसे हातोहात पुढे जाते, तशी त्याच्या गुणदोषांची माहितीही पुढे गेली पाहिजे.

ती न मिळाल्यास केवढा अनर्थ ओढवतो, हे अमेरिकेत १९३३ च्या सुमारास दिसून आले. तेथे ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा कलप विकला जात असे. त्यात पॅराफेनिलिनडायअमीन हे द्रव्य होते. त्याने काही जणांच्या त्वचेचा तीव्र दाह होतो. याची कल्पना नसलेल्या स्त्रियांनी तो कलप वापरला. त्यांतील एकीची दृष्टी कायमची गेली, तर दुसरी एक प्राणासच मुकली. सौंदर्यप्रसाधनांवर नियंत्रण ठेवणारा केंद्रीय कायदा तेथे तोवर नव्हता. तो १९३८ साली झाला.

हेच द्रव्य आजही केसांच्या अनेक कलपांत असते. मात्र त्याच्याशी प्रत्येकाचा संबंध निराळ्या प्रकारे येतो. कारखान्यात भुकटी ओतताना तिची धूळ कामगाराच्या श्वासात जाऊ शकते. तेथे धूळ ओढून घेणारे यंत्र हवे. केशकर्तकाचे हात वारंवार कलपाने भिजतात. त्याला हातमोजे हवेत. म्हणून द्रव्य किती घातक आहे एवढेच कळून भागत नाही. ते शरीरापर्यंत कोणत्या वाटेने, किती प्रमाणात व किती वेळा पोहोचते, हेही पाहावे लागते.

यासाठी कारखान्यांत घातक रसायनांबरोबर सुरक्षा-माहितीपत्रक दिले जाते. त्याचे सोळा भाग असतात. द्रव्याचे धोके, प्रथमोपचार, साठवण, हाताळणी इत्यादी गोष्टी त्यात क्रमाने दिलेल्या असतात. भाषा न समजणाऱ्यालाही धोका कळावा, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली लाल चौकटीतील चिन्हांची पद्धत प्रसिद्ध केली.

परंतु आपले द्रव्य पुढे कोण, कसे वापरतो, हे उत्पादकाला घरबसल्या कसे कळणार? युरोपीय संघात २००७ साली अमलात आलेल्या रसायनविषयक कायद्याने यावर उपाय योजला. द्रव्य वापरणारे कारखानदार आपली कामाची रीत उत्पादकाला कळवू शकतात. त्या रीतीचा विचार करून उत्पादक खबरदारीच्या सूचना देतो. अशा रीतीने द्रव्य एकाच दिशेने जाते. माहिती मात्र दोन्ही दिशांनी वाहते.

या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे ग्राहक. या द्रव्याने युक्त अशा कलपावर भारतातही इशारा छापावा लागतो : प्रथम कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडा लावून चोवीस तास परीक्षा पाहावी; पापण्यांना व भुवयांना तो मुळीच लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते. ही बारीक अक्षरे कोणी वाचलीच नाहीत, तर एवढी लांब साखळी अगदी शेवटी येऊन तुटते.