पहिला कोसळतो, मग त्याला काढायला गेलेला

एप्रिल २०२४ मध्ये विरारला एका खासगी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगारांचा जीव गेला. त्याआधी मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले. अशी बातमी आली की कुणी ना कुणी विचारतंच : पहिला माणूस तळाशी कोसळलेला दिसत असताना दुसरा उतरतो कशाला? आणि त्याच्यामागून तिसरा?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीही पडला होता. तेव्हा लंडनला लागून असलेल्या ईस्ट हॅम इथल्या मैला-उपसा केंद्रात १ जुलै १८९५ रोजी एक कामगार विहिरीत उतरला आणि पडला. त्याला काढायला एकामागून एक चौघे उतरले. पाचही जण गेले. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये दुसऱ्याला वाचवताना मेलेल्या सामान्य माणसांच्या स्मृतीची एक भिंत आहे, तिथल्या एका फरशीवर त्या चौघांची नावं आजही वाचता येतात. मृत्यूचं कारण शोधायला बोलावलं गेलं जॉन स्कॉट हाल्डेन यांना. खाणीत कॅनरी पक्षी न्यायची प्रथा यांनी सुचवली आणि पाणबुड्यांनी किती वेगाने वर यावं याची कोष्टकं यांनी बांधली, एवढं लोकांना माहीत असतं. गटारातल्या हवेवरचं त्यांचं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. ईस्ट हॅमचा गुन्हेगार हायड्रोजन सल्फाइड आहे, हे त्यांनी १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

त्याच्या आधी, १८८७ मध्ये, हाल्डेन आणि त्यांचे सहकारी कार्नेली यांनी ब्रिटिश पार्लमेंटखालच्या आणि डंडी शहरातल्या गटारांतली हवा तपासली होती. सगळ्यांना वाटत होतं त्या मानाने ती बरीच चांगली निघाली! मैला वाहता असला आणि हवा खेळती असली, की विषारी वायू साठत नाही. मला तर या निष्कर्षातच सगळ्या दुर्घटनांची किल्ली दिसते. अनेकदा उतरून सुखरूप वर आलेल्या कामगाराचा अनुभव खोटा नसतो. तो वाहत्या गटाराचा असतो. साचलेल्या, कुजलेल्या गाळाला तो लागू पडत नाही, आणि हा फरक वरून झाकण उघडून पाहणाऱ्याला दिसत नाही.

गाळात ऑक्सिजन नसतो, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू गाळातच अडकून राहतो. वरून टाकी शांत दिसते. वायू मोजणारा मीटर लावला तर आकडाही कदाचित ठीक दिसेल. मग माणूस उतरतो, फावडं मारतो, आणि सोड्याची बाटली हलवावी तसा तो सगळा वायू एकदम बाहेर येतो. तुंबलेलं मोकळं व्हावं म्हणून आधी ॲसिड ओतलं असेल तर आणखी वाईट, कारण गाळ आम्लधर्मी झाला की त्यातलं विरघळलेलं सल्फाइड वायू होऊन सुटतं.

आपलं नाक इथे दगा देतं. सडलेल्या अंड्याचा हा वास हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी वायू असला तरी येतो. पण प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं, हवा सुधारली. पाचशेच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध जाते, हजाराला एकदोन श्वासांत. हा वायू पेशीतला ऑक्सिजन वापरणारा एंझाइमच बंद पाडतो, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. दुसऱ्या माणसाला पहिला कोसळलेला दिसतो. पाय घसरला असेल, चक्कर आली असेल असं वाटतं. सहकारी आहे, बऱ्याचदा भाऊ किंवा मेहुणा आहे. तो उडी टाकतो. त्याच्याकडे दोन श्वास असतात. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने १९८६ साली सांगितलं होतं, की बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते.

हाल्डेन यांचा एक किस्सा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी आपल्या लहान मुलाला खाणीत नेलं आणि मिथेन साठलेल्या जागी उभं राहून शेक्सपिअरमधलं अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. भाषण म्हणता म्हणता पोराला धाप लागली, पाय लटपटले, तो खाली पडला, आणि जमिनीलगत हवा चांगली असल्याने लगेच सावरला. मिथेन हलका, तो छताला साठतो. हा मुलगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून मोठा शास्त्रज्ञ झाला, भारतात स्थायिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. हायड्रोजन सल्फाइड मात्र हवेपेक्षा जड. सेप्टिक टँकमध्ये पडणारा माणूस जास्त विषारी थरात पडतो.

विहिरीत कंदील सोडून हवा तपासायची आपली जुनी रीत इथे चालत नाही. सेप्टिक टँकमध्ये मिथेनही असतो, ज्योत नेली तर स्फोट होऊ शकतो. आणि जीव घेण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असला तरी कंदील निवांत जळत राहील. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. गाळणीचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. उतरायचंच असेल तर बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क, सतत चालू मीटर, अंगाला पट्टा, वर तिपाई आणि ओढून घेणारी चरखी, एवढं सगळं हवं. सरकारने २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंचं सामाजिक लेखापरीक्षण करून घेतलं. त्यांपैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतंही सुरक्षा साधन नव्हतं.

आता रोबोटबद्दल. केरळच्या तरुण इंजिनियरांनी केलेला ‘बँडिकूट’ २०१८ मध्ये तिरुअनंतपुरमला मॅनहोलमध्ये उतरला. तो मला मनापासून आवडतो. पण उद्घाटनाचा रोबोट पाहून प्रश्न सुटला असं वाटणं धोक्याचं आहे. तो रस्त्यावरच्या मॅनहोलसाठी आहे. सोनपेठच्या टाकीला रोबोट नको, सक्शन टँकर हवा, आणि तो गावात परवडेल अशा दरात यायला हवा. टँकर आला तरी माणूस उतरवतात, कारण तळाचा गाळ घट्ट झालेला असतो आणि नळीतून ओढला जात नाही. तो घट्ट का होतो? दहापंधरा वर्षं टाकी उपसलेलीच नसते म्हणून. दर दोनतीन वर्षांनी उपसली तर गाळ पातळ राहतो, जोराचं पाणी मारून मोकळा करता येतो. माणूस उतरायची वेळ त्याच्या कितीतरी आधी, सोसायटीच्या बैठकीत ‘टाकी पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं जातं तेव्हा ठरते.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृताच्या कुटुंबाला ३० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सरकारी आकड्यांनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ जण गेले. सरकारने २०२४ पर्यंत नोंदवलेल्या ३८ हजार गटार-कामगारांत सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय होते. हाल्डेन यांचा निबंध आपल्या हाती येऊनही हे का थांबत नाही, याचं उत्तर रसायनशास्त्रात नाही, ते या आकड्यात आहे.

तुमच्या सोसायटीची टाकी उपसायची असेल तर ठेकेदाराला एवढंच विचारा : टँकर आणि जोराचं पाणी मारणारं जेटिंगचं यंत्र आहे का? ‘माणूस उतरवावा लागेल’ म्हणाला तर काम देऊ नका, १४४२० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि कुणी आत कोसळलाच, तर सगळी झाकणं उघडा, १०१ वर फोन करून सेप्टिक टँक आहे हे आवर्जून सांगा, म्हणजे जवान श्वसनयंत्रं घेऊन येतील. आणि उतरू पाहणाऱ्याला धरून ठेवा, तो भाऊ असला तरी.