शुद्धिपत्राचे दुसरे वाचक

आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्याने संगणकाच्या सुरक्षिततेविषयी लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. मला मात्र हा विषय परका वाटत नाही. कारण मुळात तो पाठशुद्धीचाच विषय आहे.

आपल्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत सिद्ध केली. अशा कामात हस्तलिखिते ताडून पाहताना एक सत्य पदोपदी प्रत्ययास येते : आधीच्या प्रतीतील चूक तिच्यावरून उतरविलेल्या प्रतींतही उतरते. ब्राउझरचेही तसेच आहे. संकेतस्थळावरील मजकूर व चित्रे वाचून ती पडद्यावर मांडणाऱ्या त्याच्या अंतर्भागास इंजिन म्हणतात. ब्राउझरांची नावे पुष्कळ, इंजिने मोजकी. क्रोम, एज व ऑपेरा यांत ब्लिंक, सफारीत वेबकिट आणि फायरफॉक्समध्ये गेको. त्यातही ब्लिंक हे २०१३ साली वेबकिटपासूनच वेगळे झालेले आहे.

या इंजिनाला अनोळखी माणसांनी लिहिलेले सर्व काही वाचावे लागते, आणि धोका नेमका येथेच आहे. सप्टेंबर २०२३ मधील उदाहरण पाहा. ‘वेबपी’ प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या एका सामायिक आज्ञासंचात दोष आढळला. मुद्दाम बिघडवून रचलेले चित्र उलगडताना, स्मृतीत राखून ठेवलेल्या जागेच्या बाहेर मजकूर लिहिला जाई. जणू ओळ समास ओलांडून शेजारच्या पानावर चढावी. त्या वाटेने परक्याच्या आज्ञा आपल्या यंत्रात शिरू शकत. ॲपलचा सुरक्षाविभाग व टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी हा दोष कळविला. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली, दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची. दोष एकच, पण तो अनेक ब्राउझरांत आणि इतर असंख्य ॲपमध्ये उतरलेला होता.

ही दुरुस्ती, म्हणजेच अपडेट, हे एक शुद्धिपत्रच होय. परंतु ग्रंथाच्या शुद्धिपत्राहून त्याचा स्वभाव निराळा आहे. ग्रंथाचे शुद्धिपत्र न वाचल्यास फार तर एखादा चुकीचा शब्द मनात राहतो. येथे मात्र शुद्धिपत्र चोरही वाचतो. ब्लिंकच्या आज्ञावलीतील फेरफार कोणासही पाहता येतात. काय दुरुस्त केले यावरून कोठे दोष होता, हे जाणकारास उमगते. म्हणून दुरुस्ती जाहीर झाल्यावर न सुधारलेली प्रत पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होते. हे अंतर कमी व्हावे यासाठीच ऑगस्ट २०२३ पासून क्रोमची सुरक्षाविषयक अपडेट दर आठवड्यास येऊ लागली. आपल्या देशात ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्थाही अशा दोषांच्या सूचना प्रसिद्ध करीत असते.

वाचकांनी दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. पहिली, अपडेट उतरले म्हणजे काम संपले असे नव्हे. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावरच ते लागू होते. महिनोन्महिने उघडा ठेवलेला ब्राउझर जुनाच राहतो. दुसरी, फार जुन्या यंत्रास शुद्धिपत्रे मिळेनाशी होतात. विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही अखेरची आवृत्ती ठरली. यंत्र चालते आहे एवढ्यावरून ते सुरक्षित आहे असे मानू नये.

शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांचे निकाल असतात. घरच्या संगणकावर आम्हा वृद्धांचे निवृत्तिवेतन व बँकेचे खाते. ‘नंतर’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी एवढे आठवावे.