पिंगळीला थांबलेली देवगिरी

माझ्या घरात एका मोठ्या फळीवर लंबगोल रूळ मांडलेत आणि त्यावर परभणी, पिंगळी, मिरखेल, पूर्णा अशी चार स्टेशनं आहेत. रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर, इंजिनं बारा व्होल्टवर चालणारी. सिग्नल खात्यातून पूर्णेला निवृत्त झालो तरी सिग्नलचा नाद सुटला नाही. गल्लीतली पोरं येतात आणि विचारतात, "काका, रिमोट कुठंय?" रिमोट नाहीच. पुढं तपोवन एक्स्प्रेस असेल तर मागची देवगिरी एक्स्प्रेस आपली आपण थांबते, आणि वाट मोकळी झाली की आपली आपण निघते.

नियम खऱ्या रेल्वेचाच आहे: एका ब्लॉकमध्ये, म्हणजे रुळांच्या एका टप्प्यात, एका वेळी एकच गाडी. परभणीचे स्टेशन मास्तर पिंगळीकडून लाइन क्लिअर, म्हणजे वाट मोकळी असल्याची हमी, घेतात, मगच गाडी सुटते. माझ्या फळीवर ही विचारपूस रिले, म्हणजे विजेनं उचलले जाणारे स्विच, करतात. प्रत्येक ब्लॉकच्या हद्दीवर रूळ कापून मधे प्लास्टिक बसवलंय, म्हणजे ब्लॉकची वीज वेगवेगळी झाली. सिग्नलच्या अलीकडचा हातभर तुकडा आणखी वेगळा. त्याची वीज पुढच्या ब्लॉकच्या रिलेमधून येते. तपोवन मिरखेलच्या ब्लॉकमध्ये आहे तोवर तो रिले पडलेला, पिंगळीचा तुकडा मृत, आणि देवगिरी लाल दिव्यापाशी उभी. तपोवन पूर्णेच्या हद्दीत गेली की रिले उचलतो, दिवा हिरवा होतो, देवगिरी हलते. चार ब्लॉकांत गाड्या जास्तीत जास्त तीन. चौथी ठेवली की सगळ्याच एकमेकींची वाट बघत उभ्या.

थांबवणं कुणालाही जमेल. कसोटी लागते ती सोडताना. पुढची वाट खरोखर रिकामी झाली हे कळणार कसं? इंजिन वीज ओढतं, ती ओढ एक छोटं सर्किट ओळखतं. सिग्नलला थांबलेलं इंजिनही ओळखू यावं म्हणून त्या मृत तुकड्यात मोठ्या रोधकातून किंचित प्रवाह सोडलेला असतो; तेवढ्यानं मोटर फिरत नाही. पण डबे वीज ओढत नाहीत. कपलिंग सुटून मागचे डबे मिरखेललाच राहिले तर सर्किट म्हणणार, ब्लॉक रिकामा! म्हणून शेवटच्या डब्याच्या आसावर, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, तांदळाच्या दाण्याएवढा दहा हजार ओहमचा रोधक जोडलाय. खऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्याला 'एल.व्ही.'ची पाटी असते. ती पाहिल्यावरच गाडी सगळी आली असं धरतात. माझ्या गाडीची पाटी म्हणजे हा रोधक.

रिले कसा जोडावा याबद्दल माझं मत पक्कं आहे. पुष्कळ हौशी मंडळी गाडी आली की रिले उचलेल अशी जोडणी करतात. मग तार तुटली तर रिले उचलतच नाही आणि सिग्नल हिरवाच राहतो. रेल्वेत नेमकं उलटं. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये काढलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रूळ रिकामे असताना रिले विजेनं उचललेला असतो. गाडीची चाकं दोन रूळ जोडतात आणि तो पडतो. रूळ तुटला, बॅटरी संपली, तरीही पडतो आणि सिग्नल लाल होतो. याच तत्त्वावर १९२८ मध्ये मुंबईत व्हीटी ते भायखळा स्वयंचलित सिग्नल आले. खेळण्यात असलं तरी मी रिले असाच जोडतो. मुलांच्या हाताला सुरक्षित जोडणीचं वळण पहिल्यापासूनच लागायला हवं.

खरी गाडी मात्र वीज तोडून जागच्या जागी थांबत नाही, तिला ब्रेक लावावा लागतो. चालकाकडून लाल सिग्नल सुटलाच तर तो ब्रेक आपोआप लावणारी 'कवच' यंत्रणा मनमाड-मुदखेड आणि परभणी-बीदर या दोन्ही मार्गांवर बसली आहे, आणि दोन्ही आपल्या परभणीत मिळतात. मार्च २०२२ मध्ये गुल्लागुडा-चिटगिड्डा या स्टेशनांदरम्यान झालेल्या तिच्या चाचणीत समोरच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडेच गाडी थांबली होती.

फळीवर आता परळीचा फाटा जोडायचाय. तो एकेरी, म्हणजे गाड्या समोरासमोर येणार. दोन्ही टोकांचे रिले एकमेकांत गुंतवावे लागतील: परळीचा उचलला की परभणीचा उचलता कामा नये. जुन्या टोकन यंत्रांत चालकाला पुढं जाण्याची परवानगी म्हणून एका वेळी एकच पोलादी गोळा बाहेर यायचा, तीच युक्ती.